जाक-ईव्ह कूस्तो

जाक-ईव्ह कूस्तो (११ जून १९१० – २५ जून १९९७) हे फ्रेंच नौदल अधिकारी, पाणबुडे, सागर संशोधक, चित्रपट दिग्दर्शक आणि लेखक होते. एमील गान्याँ या अभियंत्याच्या सहकार्याने १९४३ साली त्यांनी 'ॲक्वालंग' हे श्वसनयंत्र तयार केले. पाठीवरील नळकांड्यांतील हवा घेत पाण्याखाली मोकळेपणाने वावरण्याची जी पद्धत आज 'स्कूबा' या नावाने ओळखली जाते, तिचा पाया या यंत्राने घातला. कॅलिप्सो हे जहाज आणि डोक्यावरची लाल लोकरी टोपी यांमुळे ते जगभरच्या दूरचित्रवाणी प्रेक्षकांना परिचित होते.

कूस्तो यांची ओळख बहुधा या श्वसनयंत्राचे जनक म्हणून करून दिली जाते. ती खरी असली तरी अपुरी आहे. पाण्याखाली श्वास घेता येणे हा मूळ प्रश्नाचा एक भाग होता. तळाशी ओढले न जाता आणि पृष्ठभागाकडे उचलले न जाता हव्या त्या खोलीवर स्थिर राहता येणे हा दुसरा भाग होता आणि तो अधिक चिवट होता. शिशाचे पट्टे, दोरखंड, रबरी पोशाख, लोखंडी भार आणि पारा अशा नाना साधनांनी कूस्तो आणि त्यांचे सहकारी जवळजवळ पंचवीस वर्षे या दुसऱ्या भागाचे उत्तर शोधत राहिले. त्या वर्षांत कूस्तो स्वतः एकाहून अधिक वेळा मरणाच्या दारातून परतले. त्यांचे काही सहकारी मात्र परतले नाहीत.

जन्म आणि शिक्षण

कूस्तो यांचा जन्म फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील बोर्दो शहराजवळच्या सेंट-आंद्रे-द-क्युब्झाक या गावी झाला. वडिलांचे नाव दानिएल आणि आईचे एलिझाबेथ. पिएर-आंत्वान हा त्यांचा थोरला भाऊ. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंबाला सतत प्रवास करावा लागे. १९२०च्या सुमारास ते काही काळ न्यूयॉर्कमध्ये राहिले. त्या मुक्कामात व्हरमाँटमधील एका उन्हाळी शिबिरात तळ्याच्या तळाशी साचलेल्या फांद्या काढण्याचे काम त्यांना देण्यात आले आणि पाण्याखाली बुडी मारण्याची सवय त्यांना तेथे लागली. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती. अभ्यासात त्यांचे फारसे लक्ष नसे. यंत्रे उघडून पाहणे आणि चित्रपट कॅमेरा हाताळणे यांत मात्र ते रमत. १९३० साली त्यांनी ब्रेस्ट येथील नौदल अकादमीत प्रवेश घेतला.

अपघात आणि पाण्यातला चष्मा

नौदलाच्या वैमानिक शाखेत जाण्याची कूस्तो यांची इच्छा होती आणि त्यासाठीचे प्रशिक्षणही सुरू झाले होते. १९३६ साली झालेल्या मोटार अपघातात त्यांचे दोन्ही हात मोडले आणि वैमानिक होण्याचा मार्ग कायमचा बंद झाला. पुढे त्यांची नेमणूक तूलाँ या नौदलाच्या बंदरात झाली. तेथील सहकारी अधिकारी फिलिप ताये यांनी हातांत बळ यावे म्हणून त्यांना समुद्रात पोहण्याचा सल्ला दिला आणि पाण्यात डोळे उघडे ठेवता यावेत म्हणून चष्माही दिला. तो घालून कूस्तो यांनी प्रथमच भूमध्य समुद्राचा तळ स्पष्ट पाहिला.

हवेत तरंगण्याची संधी हुकलेल्या माणसाला ती पाण्यात सापडली, असे त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहिल्यास म्हणता येते. पाण्यात बुडालेल्या शरीराचे वजन बहुतांशी नाहीसे होते, ही गोष्ट दुखावलेल्या हातांसाठी सुखाची होती. लवकरच फ्रेदेरिक द्युमा हे निष्णात पाणबुडे या दोघांना येऊन मिळाले. तिघांची ही मैत्री पुढे अनेक वर्षे टिकली आणि कूस्तो यांच्या नावावर जमा झालेल्या अनेक कामांत या दोघांचा वाटा मोठा आहे.

१९३७ साली सिमोन मेल्शियोर यांच्याशी कूस्तो यांचा विवाह झाला. सिमोन नौदल अधिकाऱ्यांच्या घराण्यातील होत्या. त्यांचे वडील औद्योगिक वायू तयार करणाऱ्या एअर लिक्विड या कंपनीशी संबंधित होते आणि हे नाते पुढे निर्णायक ठरले. या दांपत्याला जाँ-मिशेल (१९३८) आणि फिलिप (१९४०) हे दोन मुलगे झाले.

शुद्ध प्राणवायूचे प्रयोग

श्वास रोखून मारलेली बुडी फार तर एकदोन मिनिटे टिकते. तिचा अवधी वाढवावा म्हणून कूस्तो यांनी १९३९च्या सुमारास शुद्ध प्राणवायूवर चालणारे एक उपकरण करून पाहिले. शुद्ध प्राणवायू दाबाखाली विषारी ठरतो आणि त्याची मर्यादा अगदी उथळ पाण्यातच गाठली जाते, हे तेव्हा नीट माहीत नव्हते. सुमारे १४ मीटर खोलीवर त्यांचे ओठ थरथरू लागले, पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकला आणि शरीराला झटके येऊ लागले. शुद्ध हरपण्यापूर्वी त्यांनी कमरेचा शिशाचा पट्टा सोडून दिला. शरीर आपोआप पृष्ठभागावर आले आणि सोबतच्यांनी त्यांना नावेत ओढून घेतले.

उपकरणात सुधारणा करून त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी झटका इतका अकस्मात आला की पट्टा कधी सोडला हेही त्यांना पुढे आठवत नव्हते. यानंतर त्यांनी शुद्ध प्राणवायूचा नाद सोडला. पट्टा एका हाताने क्षणात सुटला पाहिजे, हा आजही प्रत्येक नवशिक्याला शिकवला जाणारा नियम किती मोलाचा आहे, हे या दोन प्रसंगांवरून दिसते.

ॲक्वालंगची निर्मिती

दाबाखालच्या हवेच्या नळकांड्या पाठीवर घेऊन बुडी मारण्याची कल्पना नवी नव्हती. नौदल अधिकारी ईव्ह ल प्रियर यांनी असे उपकरण १९२०च्या दशकातच केले होते. पण त्यातून हवा सतत वाहत राही, त्यामुळे तिचा बराचसा भाग वाया जाई आणि अवधी थोडा मिळे. पाणबुड्याने श्वास घेतला की तेवढीच हवा, भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने देणारी झडप हवी होती.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४२च्या अखेरीस, कूस्तो पॅरिसमध्ये एअर लिक्विडचे अभियंते एमील गान्याँ यांना भेटले. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी वायूवर चालवण्यासाठी गान्याँ यांनी एक स्वयंचलित झडप बनवली होती. तीच झडप पाण्यासाठी बदलून घेण्यात आली. १९४३च्या आरंभी मार्न नदीच्या थंडगार पाण्यात पहिली चाचणी झाली. आडवे पोहताना यंत्र चांगले चाले. उभे राहिले की हवा वाहून जाई आणि डोके खाली केले की श्वास ओढणे जड होई. परतीच्या वाटेवर दोघांना कारण उमगले. उच्छ्‌वासाची हवा बाहेर पडण्याची जागा झडपेपासून काही सेंटिमीटर दूर होती आणि पाण्यात एवढ्या उंचीच्या फरकानेही दाब बदलतो. दोन्ही तोंडे एकाच पातळीवर आणताच दोष नाहीसा झाला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बांदॉल येथे पक्के यंत्र हाती आले. द्युमा किनाऱ्यावर सज्ज राहिले, सिमोन पृष्ठभागावरून पाहत राहिल्या आणि कूस्तो खाली उतरले. त्यांनी कोलांट्या घेतल्या, गिरक्या घेतल्या आणि डोके खाली, पाय वर करून एका बोटावर तोल सांभाळला. कोणत्याही स्थितीत श्वास अडला नाही. त्या उन्हाळ्यात या मंडळींनी शेकडो बुड्या मारल्या. युद्धकाळातील अन्नटंचाईत थंड पाण्यात एवढे श्रम करताना पोटाचा प्रश्नही होताच. 

शिशाच्या पट्ट्याचा हिशेब

बांदॉलच्या त्या कोलांट्या शक्य झाल्या त्या कमरेच्या शिशामुळे. पाण्यात बुडालेल्या वस्तूवर, तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल वरच्या दिशेने लागते, हे आर्किमिडीजचे तत्त्व शाळेत सर्वांनी शिकलेले असते. शरीर, पोशाख आणि नळकांडी यांचे एकूण वजन या बलाइतके झाले की पाणबुड्या बुडतही नाही आणि वरही येत नाही. शिशाचे तुकडे कमी-जास्त करून हाच समतोल साधायचा असतो. आज मालवण-तारकर्लीच्या पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकाच्या कमरेला बांधले जाणारे शिसे याच हिशेबाचे असते. समुद्राचे खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असल्यामुळे नदीत पुरेसे ठरलेले शिसे समुद्रात कमी पडते.

अडचण अशी की साधलेला समतोल फार वेळ टिकत नाही. एका दीर्घ श्वासाने छाती दोनतीन लिटरने फुगते आणि तेवढेच किलो अधिक प्लावक बल मिळते. श्वास सोडला की ते जाते. कुशल पाणबुड्या हातपाय न हलवता केवळ श्वासाच्या लयीने काही हात वर-खाली होतो तो यामुळेच. नळकांड्यांतील हवेलाही वजन असते. १२ लिटरचे नळकांडे २०० वातावरणीय दाबाने भरले तर त्यातील हवा सुमारे पावणेतीन ते तीन किलोची होते. बुडी संपत येते तेव्हा पाणबुड्या तितका हलका झालेला असतो. म्हणून सुरुवातीला त्याने किंचित जड असावे लागते.

सर्वांत फसवा असतो तो खोलीचा परिणाम. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर एक लिटर असलेली हवा १० मीटरवर अर्धा लिटर आणि ३० मीटरवर पाव लिटर उरते. पोशाखात अडकलेली हवा अशी आकसली की प्लावक बल घटते, पाणबुड्या जड होतो, जड झाल्यामुळे आणखी खाली जातो आणि खाली गेल्यामुळे आणखी जड होतो. वर येताना हेच चक्र उलटे फिरते आणि तो अधिकाधिक वेगाने वर उचलला जातो. म्हणजे समतोल एकदा बिघडला की तो आपण होऊन सावरत नाही, वाढत्या वेगाने बिघडत जातो.

कूस्तो यांच्या गटाने यावर १९४६च्या सुमारास स्थिर घनफळाचा रबरी पोशाख तयार केला. उच्छ्‌वासाची हवा पोशाखात सोडून दाबामुळे आलेली घट भरून काढायची आणि जादा हवा झडपांतून बाहेर जाऊ द्यायची, अशी त्याची योजना होती. आजच्या कोरड्या पोशाखांमागे हेच तत्त्व आहे. फुगवता येणारे गळपट्टे आणि जाकिटे त्यानंतरची. मोरिस फेंझी यांचा गळपट्टा १९६०च्या दशकाच्या आरंभी आला. त्याआधीच्या पाणबुड्याकडे आपले फुप्फुस, पायांतील रबरी पंखांचा जोर आणि पट्ट्याची कडी एवढीच साधने होती.

द्युमा यांची खोल बुडी

१७ ऑक्टोबर १९४३ रोजी मार्सेय शहराजवळच्या ल गूद येथे द्युमा यांनी ॲक्वालंगसह किती खोल जाता येते याची परीक्षा घेतली. ठरावीक अंतरावर गाठी मारलेला दोर पाण्यात सोडला होता. जेथवर पोहोचता येईल तेथे कमरेचा शिशाचा पट्टा दोराला बांधायचा आणि हलके होऊन वर यायचे असे ठरले होते. एकाच शिशाने खाली नेण्याचे, खोलीची खूण राखण्याचे आणि सुटका करण्याचे काम करावे, ही युक्ती साधी आणि सुंदर होती.

खाली जाता जाता द्युमा यांना एक विचित्र धुंदी चढली. आपण ३० मीटरही उतरलो नसू, असे त्यांना वर आल्यावर वाटत होते. दोर ओढला तेव्हा पट्टा सुमारे ६२ मीटरच्या गाठीला बांधलेला आढळला. दाबाखालच्या नायट्रोजनमुळे येणारी ही गुंगी साधारण ३० मीटरच्या पुढे जाणवू लागते. तिच्यामुळे भीती नाहीशी होते आणि विवेकही मंदावतो. समतोलाचा हिशेब ज्या बुद्धीने ठेवायचा, तीच खोलीवर दगा देते, ही गोष्ट त्या दिवशी प्रथमच इतक्या स्पष्टपणे समोर आली. तिचे पूर्ण मोल कळायला मात्र आणखी चार वर्षे लागली.

व्होक्लूझची विहीर

युद्ध संपल्यावर १९४५ साली तूलाँ येथे नौदलाचा पाण्याखालील संशोधन गट स्थापन झाला. ताये त्याचे प्रमुख होते आणि कूस्तो व द्युमा त्यात होते. सुरुंग शोधणे व बुडालेली जहाजे तपासणे ही कामे गटाकडे होती. २७ ऑगस्ट १९४६ रोजी हा गट फोंतेन-द-व्होक्लूझ येथे गेला. कवी पेत्रार्क यांच्या वास्तव्यामुळे प्रसिद्ध असलेल्या या ठिकाणी सोर्ग नदी एका कड्याच्या पायथ्याशी खोल विवरातून उगम पावते. वर्षातून एकदा तिला अचानक पूर का येतो, हे विवराच्या आत उतरून पाहावे असा बेत होता.

कूस्तो आणि द्युमा एकमेकांना दोराने बांधून उतरले. विवराच्या तोंडाशी मोरिस फार्ग दोर धरून उभे होते आणि दोराच्या ठरलेल्या झटक्यांवरून त्यांनी खुणा ओळखायच्या होत्या. द्युमा यांच्या अंगावर दिवे व इतर सामान होते आणि लवकर खाली जाता यावे म्हणून त्यांनी वजनही फाजील घेतले होते. अंधारात ४५ मीटरच्या आसपास पोहोचल्यावर दोघांचेही डोके जड झाले आणि काय करायला आलो आहोत याचे भान सुटू लागले. द्युमा यांच्या पोशाखात पाणी शिरले. मुळात जड असलेला माणूस आता दगडासारखा झाला आणि तोंडातील नळीही निसटली. त्यांना ओढून वर नेण्याची धडपड कूस्तो करत राहिले. दोर धरून वर चढावे तर वरून तो आणखी सैल सोडला जाई, कारण खालून बसणारे झटके म्हणजे जास्त दोराची मागणी असे फार्ग यांना वाटत होते. अखेर काहीतरी बिनसले आहे हे ओळखून त्यांनी दोर ओढायला सुरुवात केली आणि दोघांचे प्राण वाचले.

त्यानंतर उतरलेल्या ताये आणि मोरांदिएर यांनाही तसाच त्रास झाला. तपासात असे निष्पन्न झाले की नळकांड्या भरणारा कॉम्प्रेसर स्वतःच्याच इंजिनाचा धूर ओढत होता आणि हवेत कार्बन मोनॉक्साइड मिसळला गेला होता. दोष हवेचा होता हे खरे; पण विषारी हवेने गुंगलेल्या माणसाला जादा वजनाने तळाशी धरून ठेवले, हेही तितकेच खरे. गुहांमध्ये उतरणारे आजचे पाणबुडे वजनाबाबत इतके काटेकोर का असतात, हे समजण्यासाठी ही एक हकीकत पुरेशी आहे. विवराचे गूढ त्या दिवशी उकलले नाही.

मोरिस फार्ग यांचा मृत्यू

ज्या फार्ग यांनी व्होक्लूझला दोघांना वाचवले, तेच वर्षभराने गेले. हवेवर किती खोल जाता येईल याचा शोध गटाने चालू ठेवला होता. दोराला ठिकठिकाणी पाट्या बांधलेल्या असत आणि पाणबुड्याने पोहोचलेल्या पाटीवर सही करून परतायचे असे. १७ सप्टेंबर १९४७ रोजी फार्ग उतरले. सर्व ठीक असल्याच्या खुणा काही वेळ येत राहिल्या आणि मग थांबल्या. त्यांना वर खेचले तेव्हा तोंडातील नळी छातीवर लोंबत होती. बारा तास प्रयत्न करूनही ते शुद्धीवर आले नाहीत. १२० मीटरच्या पाटीवर त्यांची सही आढळली.

त्या खोलीवर एकूण दाब १३ वातावरणांचा असतो. हवेतील नायट्रोजन मेंदूला पूर्ण गुंगवतो आणि तिच्यातील प्राणवायूही विषारी मर्यादेच्या बराच पलीकडे गेलेला असतो. आज इतक्या खोलीवर जाणारे टेक्निकल पाणबुडे हेलियम मिसळलेली हवा वापरतात. वर येताना रक्तात विरघळलेला वायू हळूहळू निघून जावा म्हणून ते ठरावीक खोलींवर थांबे घेतात. शेवटचे थांबे पृष्ठभागाखाली अवघ्या काही मीटरवर आणि दीर्घ असतात. तेव्हा नळकांड्या जवळजवळ रिकाम्या, म्हणजे कित्येक किलोंनी हलक्या झालेल्या असतात. त्या वेळी वजन कमी पडले तर माणूस थांबा सोडून वर उचलला जातो आणि त्याचे परिणाम पंगुत्व किंवा मृत्यू असे होऊ शकतात. म्हणून हे पाणबुडे आपले वजन बुडीच्या आरंभासाठी ठरवत नाहीत, त्या शेवटच्या थांब्यासाठी ठरवतात. कूस्तो यांच्या गटाला यांतील पुष्कळ गोष्टी अनुभवाने शिकाव्या लागल्या. फार्ग यांच्या मृत्यूनंतर हवेवरील बुडीची सुरक्षित मर्यादा ९० मीटरांच्या अलीकडेच मानली पाहिजे असे त्यांनी ठरवले. आजच्या दृष्टीने तीही फार जास्त आहे.

कॅलिप्सो आणि चित्रपट

ब्रिटिश नौदलासाठी अमेरिकेत बांधलेले आणि पुढे माल्टा येथे प्रवासी नौका म्हणून वापरले गेलेले कॅलिप्सो हे जहाज लोएल गिनेस या धनिकाने १९५० साली विकत घेऊन नाममात्र भाड्याने कूस्तो यांना दिले. १९५१ साली तांबड्या समुद्राची पहिली मोहीम झाली. जहाजाच्या खर्चासाठी सिमोन यांनी स्वतःचे दागिने विकले. पुढील चाळीस वर्षांतील बराच काळ त्या याच जहाजावर राहिल्या, पण चित्रपटांत त्या क्वचितच दिसतात.

१९५२ पासून मार्सेयजवळच्या ग्रां काँग्लुए या बेटाशी बुडालेल्या प्राचीन जहाजाचे उत्खनन झाले आणि हजारो मातीचे कुंभ वर आले. या कामात जाँ-पिएर सेर्व्हांती या पाणबुड्याचा मृत्यू झाला. पुरातत्त्वाच्या दृष्टीने नोंदी अपुऱ्या ठेवल्या गेल्या. तेथे एकावर एक अशी दोन वेगवेगळ्या काळांतील जहाजे होती, हे पुष्कळ वर्षांनी इतरांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले.

'द सायलेंट वर्ल्ड' हे द्युमा यांच्यासह लिहिलेले पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. लुई माल यांच्यासह केलेल्या त्याच नावाच्या चित्रपटाला १९५६ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक आणि त्यानंतर ऑस्कर मिळाले. पाण्याखालचा कॅमेरा इतका स्थिर आणि संथ फिरू शकतो, हे प्रेक्षकांना नवल होते. मासे मोजण्यासाठी सुरुंगाने प्रवाळ उडवणे आणि शार्कची कत्तल यांसारखी त्यातील दृश्ये मात्र आज पाहवत नाहीत, आणि त्यांवर टीकाही पुष्कळ झाली आहे. खनिज तेल कंपन्यांसाठी त्यांनी इराणच्या आखातात सर्वेक्षणही केले होते. पुढे पर्यावरणाचे कैवारी म्हणून गौरवलेल्या कूस्तो यांचा पूर्वार्ध असा होता, हे नोंदवणे आवश्यक आहे.

बुडती बशी

१९४८ साली प्राध्यापक ऑग्युस्त पिकार यांच्या खोल समुद्रात उतरणाऱ्या यानाच्या चाचणीत नौदलाचा गट साहाय्याला होता. पाण्यापेक्षा हलक्या पेट्रोलची प्रचंड टाकी यानाला उचलून धरी आणि लोखंडी भार त्याला खाली नेई. भार टाकला की यान वर येई. पट्ट्याचेच हे अवाढव्य रूप होते. परंतु ते बोजड यान कूस्तो यांच्या मनास येईना. पाणबुड्यासारखे हलके आणि चपळ यान त्यांना हवे होते.

अभियंते जाँ मोलार यांच्यासह त्यांनी बशीच्या आकाराचे दोन माणसांचे यान आखले. १९५७ साली रिकामे कवच खोल पाण्यात सोडून तपासताना तार तुटली आणि ते हातचे गेले. आतल्या हवेमुळे ते तळावर बसले नाही. खाली बांधलेल्या वजनाला अडकून तळापासून काहीसे वर तरंगत राहिले. कवच पुरेसे मजबूत आणि पुरेसे हलके आहे, याची यापेक्षा चांगली आणि यापेक्षा निरुपयोगी खात्री मिळणे कठीण होते.

दुसरे यान १९५९ साली तयार झाले. ३५० मीटरपर्यंत जाऊ शकणाऱ्या या यानात पाण्याच्या झोतांनी गती मिळे. उतरताना ते लोखंडी भारामुळे किंचित जड असे. इष्ट खोलीवर एक भार टाकला की समतोल येई, थोडे पाणी आत-बाहेर करून तो बारकाईने जुळवता येई आणि परतीच्या वेळी दुसरा भार टाकला की यान आपोआप वर येई. नाक वर किंवा खाली करण्यासाठी पुढच्या व मागच्या टाक्यांत पारा खेळवला जाई. वीज गेली, झोत बंद पडले, तरी लोखंड टाकता येई आणि माणसे परतत. शुद्ध प्राणवायूच्या प्रयोगात सोडलेल्या पट्ट्याचा धडा या रचनेत पुरता मुरलेला दिसतो.

पाण्याखालची घरे

१९६२ साली मार्सेयजवळ १० मीटर खोलीवर ठेवलेल्या पोलादी घरात आल्बेर फाल्को आणि क्लोद वेस्ली हे दोघे एक आठवडा राहिले. १९६३ साली सुदानच्या किनाऱ्याजवळ तांबड्या समुद्रात १० मीटरवरील घरात पाच जणांनी एक महिना काढला, तर २७ मीटरवरील कोठीत दोघे आठवडाभर राहिले. १९६५ साली फ्रान्सच्या किनाऱ्यालगत १०० मीटरवर सहा जण तीन आठवडे हेलियममिश्रित वायूवर राहिले आणि त्यांत धाकटा मुलगा फिलिप होता. हवेने भरलेले घर पाण्यात फुग्यासारखे वर उसळते; त्याला तळाशी धरून ठेवण्यासाठी कित्येक टन भार लागे आणि त्यातील बराचसा पाणबुड्यांनाच वाहावा लागला. तांबड्या समुद्रातील प्रयोगावरच्या 'वर्ल्ड विदाउट सन' या चित्रपटालाही ऑस्कर मिळाले. खर्च फार आणि उपयोग मर्यादित असल्यामुळे हे प्रयोग पुढे थांबले.

उत्तरायुष्य

१९५७ पासून कूस्तो मोनॅको येथील सागरी संग्रहालयाचे संचालक होते. १९६० साली भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याच्या योजनेविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांच्या दूरचित्रवाणी मालिका जगभर पाहिल्या गेल्या. १९७३ साली त्यांनी कूस्तो सोसायटी स्थापन केली. अंटार्क्टिकात खाणकाम होऊ नये म्हणून १९९०च्या सुमारास त्यांनी मोठी सह्यांची मोहीम चालवली. १९८८ साली फ्रेंच अकादमीवर त्यांची निवड झाली.

खासगी आयुष्य मात्र सुखाचे राहिले नाही. थोरल्या भावाला महायुद्धातील नाझीधार्जिण्या लेखनाबद्दल १९४६ साली मृत्युदंड सुनावण्यात आला होता. तो पुढे कमी झाला आणि १९५४ साली भावाची सुटका झाली. २८ जून १९७९ रोजी फिलिप यांचा लिस्बनजवळ ताग नदीत उभयचर विमानाच्या अपघातात मृत्यू झाला. त्यानंतर थोरले जाँ-मिशेल वडिलांच्या कामात आले. पण कूस्तो या नावाच्या व्यावसायिक वापरावरून बापलेकांत न्यायालयीन वाद झाला. सिमोन यांचे १९९० साली निधन झाले. पुढच्या वर्षी कूस्तो यांनी फ्रान्सीन त्रिप्ले यांच्याशी विवाह केला.

जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडाले. ते वर काढण्यात आले, पण पुन्हा मोहिमेवर जाऊ शकले नाही. २५ जून १९९७ रोजी पॅरिस येथे वयाच्या ८७व्या वर्षी कूस्तो यांचे निधन झाले. सेंट-आंद्रे-द-क्युब्झाक या जन्मगावीच त्यांना दफन करण्यात आले.